फ्लूची महासाथ आली तर कामाचं ठिकाण चालू कसं ठेवायचं?

बर्ड फ्लूची बातमी हल्ली कोंबड्यांपाशी थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू दुभत्या गाईंमध्ये सापडला आणि पुढच्या महिन्यांत तिथल्या गोठ्यांत आणि कुक्कुटपालन केंद्रांत राबणाऱ्या कित्येक मजुरांना त्याची लागण झाली. बहुतेकांचा आजार सौम्य होता. हा विषाणू माणसाकडून माणसाकडे सलग पसरत गेल्याचं आजवर आढळलेलं नाही, त्यामुळे घाबरून जाण्याचं कारण नाही. पण या बातमीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: लागण झालेले बहुतेक जण आपलं रोजचं काम करताना आजारी पडले.

महासाथ आली की आस्थापना चालवणाऱ्या प्रत्येकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. माणसं कशी जपायची आणि काम कसं चालू ठेवायचं? चर्चा मात्र अशी होते की जणू यातलं एकच साधेल: माणसं जपली तर काम बुडणार, काम केलं तर धोका पत्करावाच लागणार. हा समज चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. महासाथीत काम ठप्प होतं त्याचं मोठं कारण म्हणजे बरीच माणसं एकाच वेळी आजारी पडतात. म्हणून लागण कमी करणारा जवळजवळ प्रत्येक उपाय हा काम चालू ठेवण्याचाही उपाय असतो. तो कसा, ते मुळापासून पाहू.

साथ आणि महासाथ

फ्लूच्या विषाणूंचे चार प्रकार आहेत: ए, बी, सी आणि डी. महासाथ आणतो तो फक्त ए. त्याच्या अंगावर दोन जातींची प्रथिनं असतात, त्यांना एच आणि एन म्हणतात. एच१एन१, एच५एन१ ही नावं त्यांवरूनच पडली. आपली रोगप्रतिकारशक्ती विषाणूला ओळखते ती मुख्यतः याच प्रथिनांवरून. ती दर वर्षी थोडीथोडी बदलतात, म्हणून दर वर्षी फ्लू येतो आणि लसही दर वर्षी नवी घ्यावी लागते. पण मधूनच एखादा असा ए विषाणू माणसांत शिरतो, की ज्याची प्रथिनं बहुतेकांच्या शरीराने पूर्वी पाहिलेलीच नसतात. तो माणसामाणसांत सहज पसरू लागला आणि जगभर गेला, की त्याला महासाथ म्हणतात.

गेल्या सव्वाशे वर्षांत अशा चार मोठ्या महासाथी येऊन गेल्या: १९१८, १९५७, १९६८ आणि २००९. पहिलीत जगातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली आणि किमान ५ कोटी लोक गेले, असा अंदाज आहे. १९५७ आणि १९६८ मध्ये प्रत्येकी १० लाखांच्या आसपास माणसं दगावली. २००९ ची तुलनेने सौम्य होती. या वर्षांमधली अंतरं पाहा, ३९, ११ आणि ४१ वर्षं. पुढची कधी येईल याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही.

कामाच्या ठिकाणी याहून महत्त्वाची आहे ती वयाची गोष्ट. नेहमीच्या फ्लूमध्ये बहुतेक मृत्यू म्हाताऱ्या माणसांचे होतात. महासाथीत तसं होईलच असं नाही. १९१८ मध्ये २० ते ४० वयाची धडधाकट माणसं मोठ्या संख्येने गेली. २००९ मध्ये मृत्यू पावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ६५ वर्षांच्या आतले होते, असा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे. ‘आमच्याकडे सगळे तरुण आहेत, आम्हाला फारसं काही होणार नाही’ हे गृहीत धरून कुणी योजना आखत असेल, तर ती पायापासूनच डळमळीत आहे.

कोविडच्या वेळची योजना आहे, ती पुरणार नाही का?

अर्धी पुरेल. हवा, मास्क, अंतर, घरून काम यांची घडी तेव्हा बसली, ती कामाला येईल. खरं तर फ्लूवर हे उपाय अधिकच चालतात. २०२० आणि २०२१ मध्ये जगभर निर्बंध असताना फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. बी-यामागाता नावाचा फ्लूचा एक वंश तर मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेलाच नाही.

पण फ्लूचा वेग वेगळा आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत फ्लूला १ ते ४ दिवस लागतात, बहुतेकदा दोनच. कोविडच्या पहिल्या विषाणूला सरासरी पाच दिवस लागायचे. म्हणजे फ्लूच्या साखळीतली प्रत्येक कडी लवकर जोडली जाते आणि विचार करायला वेळ कमी मिळतो. सोमवारी एकाला ताप आला आणि शुक्रवारच्या बैठकीत निर्णय घ्यायचं ठरलं, तर तोवर दुसरी फळी आजारी पडलेली असते आणि तिसरीला लागण होत असते. दुसरं म्हणजे फ्लू मुलांमधून फार पसरतो. त्यामुळे शाळा बंद होण्याची शक्यता असते आणि शाळा बंद झाल्या की ठणठणीत असलेले आईबापही कामावर येऊ शकत नाहीत. हजेरीचा हिशेब करताना हे हमखास सुटतं.

हवेतून लागण होते म्हणजे नेमकं काय होतं

फ्लू झालेला माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा त्याच्या नाकातोंडातून द्रवाचे कण बाहेर पडतात. मोठे कण एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत कुणी विडी ओढली तर काय होतं, ते डोळ्यांपुढे आणा. ओढणाऱ्याच्या शेजारी धूर सर्वांत दाट असतो, पण थोड्या वेळाने तो खोलीभर होतो. ओढणारा निघून गेला तरी वास मागे राहतो. खिडक्या उघडल्या की धूर विरतो. नुसता पंखा लावला तर तो इकडचा तिकडे होतो. विषाणूचे बारीक कण साधारण असेच वागतात, फरक एवढाच की ते दिसत नाहीत आणि त्यांना वास नसतो.

याचं एक बोलकं उदाहरण १९७७ मधलं आहे. अलास्कात एका प्रवासी विमानात बिघाड झाला आणि ते तीन तास धावपट्टीवरच अडकलं. आत ५४ जण होते, त्यांतल्या एका प्रवाशाला फ्लू झाला होता. या थांब्याच्या बहुतेक काळात विमानातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या तीन दिवसांत त्या विमानातले ७२ टक्के लोक आजारी पडले.

कोंदट बैठकखोली, तळघरातलं रेकॉर्ड रूम, कर्मचाऱ्यांना ने-आण करणारी काचा बंद केलेली बस, कपडे बदलायची खोली, ही सगळी त्या विमानाची भावंडं आहेत. सुधारणा इथूनच सुरू करावी. खोलीतली हवा तासातून किती वेळा बदलते, हा एक साधा मापदंड आहे. ती तासाला पाच किंवा अधिक वेळा बदलावी, अशी शिफारस सीडीसीने २०२३ मध्ये केली. पाच वेळा बदलत असेल तर तरंगणाऱ्या कणांपैकी ९९ टक्के कण निघून जायला पाऊण-एक तास लागतो, दोनदाच बदलत असेल तर सव्वादोन तास.

हे मोजायला इंजिनिअर मिळाला तर उत्तम. तो नसेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं लहान यंत्र बरीच कल्पना देतं, कारण हा वायू माणसांच्या श्वासातून येतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२० भागांच्या आसपास असतो. माणसांनी भरलेल्या खोलीत आकडा ८०० च्या वर रेंगाळत असेल, तर बाहेरची ताजी हवा पुरेशी येत नाही असं समजावं. समोरासमोरच्या खिडक्या उघडणं, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवणं, हेपा म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर असलेलं हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवणं, हे उपाय परिणामकारक आहेत. (फिल्टरने कण अडतात, वायू अडत नाही, म्हणून त्या यंत्रामुळे कार्बन डायऑक्साइडचा आकडा उतरणार नाही. तरीही ते उपयोगी असतं.) भिंतीवरचा साधा एसी बहुतेकदा खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. गार हवा म्हणजे ताजी हवा नव्हे, हे लक्षात असू द्यावं.

टेबलं-दरवाजे पुसण्याबद्दल थोडक्यात. स्टील आणि प्लॅस्टिकवर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो, म्हणून सगळ्यांचा हात लागतो त्या जागा रोज पुसाव्यात, हात साबणाने २० सेकंद धुवावेत, साबण-पाणी नसेल तिथे किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर ठेवावं. एवढं पुरे. भिंती आणि आवार फवारत बसण्यात जाणारा पैसा आणि माणूसबळ हवेकडे वळवावं.

सर्वांत मोठा उपाय: आजारी माणसाला घरी राहता आलं पाहिजे

फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून ते नंतर पाच ते सात दिवस इतरांना लागण करू शकतो. यातले पहिले तीन-चार दिवस सर्वांत धोक्याचे. नेमक्या याच दिवसांत माणूस ‘थोडी कणकण आहे, गोळी घेतो आणि जातो’ म्हणतो. तो बेजबाबदार असतो म्हणून असं करतो, हे मला मान्य नाही. रजा शिल्लक नसते. बिनपगारी खाडा परवडत नाही. सुपरवायझर तोंड वाकडं करतो. त्याच्या जागी काम करणारं दुसरं कुणी नसतं. कारणं ही असतात.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका विभागात दहा जण आहेत. एकाला ताप आहे, पण दोन दिवसांचा पगार कापला जाऊ नये म्हणून तो कामावर येतो. त्याच्यामुळे तिघांना लागण होते आणि प्रत्येक जण पाच दिवस घरी राहतो. दोन दिवसांची हजेरी वाचवली आणि पंधरा दिवसांची गेली. शिवाय तो पहिला माणूस शेवटी घरी बसतोच.

प्रत्यक्षातले आकडे याहून गंभीर आहेत. २००९ च्या शरद ऋतूत अमेरिकेत सुमारे ८० लाख कामगार लागण झालेली असताना कामावर जात राहिले आणि त्यांच्यामुळे आणखी ७० लाखांपर्यंत सहकाऱ्यांना लागण झाली असावी, असा अंदाज तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर विमेन्स पॉलिसी रिसर्च या संस्थेने मांडला. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये संगणकावर एका संपूर्ण परगण्याची नक्कल उभारून पाहिलं, की फ्लू झालेल्यांना बरं होण्यासाठी घरी राहायला एक भरपगारी दिवस जास्तीचा मिळाला तर काय होईल. कामाच्या ठिकाणी होणारी लागण २५ टक्क्यांनी घटली. दोन दिवस दिल्यावर ३९ टक्क्यांनी. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

‘लोक याचा गैरफायदा घेतील’ ही शंका हमखास येते. काही जण घेतीलही. पण त्या नुकसानाला मर्यादा आहे: एका माणसाचे दोन-चार दिवस. आजारी माणूस कामावर आल्याने होणाऱ्या नुकसानाला अशी मर्यादा नाही. महासाथीपुरती ही सवलत आहे असं लेखी जाहीर केलं, की तिची मुदतही स्पष्ट राहते.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागू नये, असं माझं ठाम मत आहे. महासाथीत दवाखाने ओसंडून वाहत असतात. ज्याला नुसतं झोपून राहायची गरज आहे, त्याला आपण एका कागदासाठी तिथल्या रांगेत उभं करतो. तो तिथे इतरांना लागण करतो आणि खरोखर अत्यवस्थ असलेल्याचा वेळ खातो. परत येण्यासाठी एक सोपा नियम पुरतो: ताप उतरवणारी गोळी न घेता सलग २४ तास ताप नसावा आणि एकूण बरं वाटत असावं. आल्यावरही काही दिवस मास्क लावावा.

आणि हे सगळं फक्त कायम नोकरीतल्यांना लागू झालं, तर फोल आहे. सफाई करणारी बाई प्रत्येक मजल्यावर जाते. सुरक्षा रक्षकासमोरून प्रत्येक जण ये-जा करतो. सामान पोहोचवणारा मुलगा दिवसातून अनेक आस्थापनांत शिरतो. यांतले बहुतेक कंत्राटी किंवा रोजंदारीवर असतात. रजा सर्वांत कमी यांनाच, आणि संपर्क सर्वांत जास्त. विषाणू हजेरीपटावर कुणाचं नाव आहे ते पाहत नाही. कंत्राटदाराशी बोलून या माणसांच्या आजारपणातल्या पगाराची सोय आधीच करून ठेवणं, हे न्यायाचं आहे आणि शहाणपणाचंही.

दारावर ताप मोजला की झालं का?

नाही. लक्षणांच्या आदल्या दिवशी ताप नसतो, पण माणूस विषाणू पसरवत असू शकतो. अनेकांना लागण होऊनही ताप येतच नाही. घरून पॅरासिटामॉल घेऊन निघालेल्याचं तापमान दारावर नेमकं साधारण दिसतं. तापमापकाचं खरं नुकसान असं, की ‘आत आहेत ते सगळे निरोगी’ असा भास तयार होतो आणि खिडक्या बंदच राहतात. त्यापेक्षा ‘बरं वाटत नसेल तर येऊ नका, पगार कापला जाणार नाही’ ही एक ओळ दारावर लावलेली जास्त काम करते.

मास्क कुणाला, कोणता

सगळ्यांना एकच मास्क वाटून मोकळं होणं सोपं असतं, पण धोका सगळ्यांना सारखा नसतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा विभागाने २००७ मध्ये फ्लूच्या महासाथीसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात कामांचे चार स्तर केले होते. रुग्णाच्या घशात नळी घालण्यासारखी कामं सर्वांत धोक्याची. त्याखाली रुग्णांशी थेट संबंध येणारी बाकीची कामं. मग लोकांशी किंवा सहकाऱ्यांशी सतत जवळून संपर्क येणारी, म्हणजे खिडकीवरचा कारकून, शिक्षक, विक्रेता, दाटीवाटीने चालणारी यंत्रशाळा. आणि शेवटी फारसा संपर्क नसलेली.

साधा सर्जिकल मास्क मुख्यतः लावणाऱ्याच्या तोंडातले कण अडवतो, म्हणून तो आजारी किंवा नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाने लावल्यास चांगला उपयोगी पडतो. स्वतःला वाचवायचं तर एन-९५ हवा. तो हवेतले अगदी बारीक कणही किमान ९५ टक्के अडवतो, मात्र चेहऱ्याला घट्ट बसला तरच. कडेने फट राहिली किंवा दाढी आडवी आली, तर हवा तिथूनच आत जाते. वरच्या दोन स्तरांतल्या कामांना असा मास्क मापाने तपासून द्यायलाच हवा, आणि लोकांशी जवळून बोलावं लागणाऱ्यांनाही तो द्यावा असं मला वाटतं. महासाथ सुरू झाल्यावर बाजारात मास्क मिळत नाहीत, त्यामुळे थोडा साठा आधीच करून ठेवावा लागतो.

सुरक्षिततेच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम मानतात. आधी धोक्याचा उगमच दूर करा, मग जागेची रचना सुधारा, मग कामाचे नियम बदला, आणि सर्वांत शेवटी माणसाच्या अंगावर साधनं चढवा. आजारी माणूस घरी, हवा खेळती, पाळ्यांची फेररचना, मास्क: असा तो क्रम इथे लागतो. बऱ्याच ठिकाणी सुरुवात शेवटून होते, कारण मास्कची ऑर्डर एका दिवसात देता येते.

दहातले चार जण आले नाहीत तर

महासाथीची योजना करताना अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी असं गृहीत धरलं होतं, की लाट शिखरावर असताना ४० टक्क्यांपर्यंत कर्मचारी गैरहजर राहू शकतात. त्यांत स्वतः आजारी असलेले, घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा करणारे, मुलांसाठी घरी थांबलेले आणि भीतीने न येणारे असे सगळे आले. एका ठिकाणी लाट सहा ते आठ आठवडे टिकते आणि अशा लाटा एकाहून जास्त येऊ शकतात.

१९१८ च्या ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियात टेलिफोन ऑपरेटर इतक्या संख्येने आजारी पडल्या, की कंपनीला जाहिरात देऊन सांगावं लागलं: अगदीच आवश्यक असेल तरच फोन करा. निर्णय बरोबर होता. पण माणसं कमी पडल्यावर तो शहराला विनवून करावा लागला. कोणतं काम थांबू द्यायचं, हे आपण आधी ठरवलं नाही तर आजार ते आपल्यासाठी ठरवतो.

म्हणून आपल्याकडची कामं तीन ढिगांत टाकावीत. एक दिवसही थांबू नयेत अशी, दोन-तीन आठवडे लांबली तरी चालतील अशी, आणि साथ संपेपर्यंत बंद ठेवता येतील अशी. पहिला ढीग लहान ठेवायला मनाचा हिय्या लागतो, कारण प्रत्येक विभागाला आपलंच काम अत्यावश्यक वाटतं. तो ढीग अर्ध्याहून मोठा झाला असेल, तर पुन्हा बसावं.

मग पहिल्या ढिगातल्या प्रत्येक कामापुढे ते येणाऱ्या तिघांची नावं लिहावीत. खरी मेख इथे कळते. बॉयलर एकालाच कळतो. बँकेच्या कागदांवर दोघांच्याच सह्या चालतात. सर्व्हरचा पासवर्ड एकाच्या डोक्यात असतो. पगाराची यादी एकच ताई करतात आणि त्या आजारी पडल्या तर सगळ्यांचा पगार अडतो, नेमका ज्या महिन्यात प्रत्येकाला औषधपाण्याला पैसा लागणार आहे त्या महिन्यात. ही एकट्या खांद्यावरची कामं शोधणं, ती पायरीपायरीने लिहून काढणं आणि दुसऱ्या-तिसऱ्याला शिकवणं हे काम शांततेच्या काळातच होतं. त्याला पैसाही फारसा लागत नाही. साहेबच आजारी पडले तर निर्णय कुणी घ्यायचे, त्यांच्यानंतर कुणी, हेही लेखी असावं. कच्चा माल आणि सुटे भाग देणाऱ्यांकडेही हीच परिस्थिती असणार, तेव्हा त्यांनाही त्यांच्या योजनेबद्दल विचारून ठेवावं.

काम घरून होण्यासारखंच नसेल तर?

यंत्र, रुग्ण, माल, वाहन यांची कामं घरून होत नाहीत. तिथे माणसांना गटांत विभागणं उपयोगी ठरतं. एक गट दुसऱ्याला भेटतच नाही अशी आखणी केली, तर एका गटात लागण शिरली तरी दुसरा उभा राहतो. दोन पाळ्यांमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा, म्हणजे जाणारे आणि येणारे दारात एकत्र होत नाहीत आणि तेवढ्यात हवाही बदलते. पण बॉयलर चालवणारे दोन्ही जाणकार एकाच गटात टाकले, तर विभागणीचा काही उपयोग होत नाही.

पाळ्या वेगळ्या करून जेवणाची सुट्टी एकच ठेवली, तर सगळे श्रम वाया जातात. जेवताना मास्क उतरतो, माणसं समोरासमोर बसतात, मोकळेपणाने बोलतात. शक्य तिथे जेवण उघड्यावर, आळीपाळीने. यंत्रापाशी तासन्‌तास काळजी घेणारी माणसं कँटीनमध्ये किंवा बसमध्ये आजारी पडू शकतात, कारण नियम करणाऱ्यांचं लक्ष फक्त कामाच्या जागेवर असतं.

जे कामावर येत राहतात त्यांच्यावर गैरहजर असलेल्यांचा भार पडतो. दुहेरी पाळी एखाद्या दिवशी चालते, सहा आठवडे चालत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून अपघात होतात. कुणाच्या घरी मृत्यूही झालेला असेल. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातलं काम खरोखर थांबवणं, हीच हजर असलेल्यांसाठी सर्वांत मोठी मदत असते.

गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, साठी-पासष्टीच्या पुढचे यांना फ्लू गंभीर होण्याची भीती अधिक असते. त्यांना कमी संपर्काचं काम मागता यावं, पण त्यासाठी आपला आजार चारचौघांत सांगावा लागू नये. तसंच कुणाला लागण झाली तर शेजारी काम करणाऱ्यांना ‘तुमच्या विभागात एकाला फ्लू झाला आहे’ एवढं जरूर कळवावं, नाव न घेता. नाव फुटलं की पुढचा माणूस लक्षणं लपवतो.

लस आणि गोळ्या येतीलच ना?

येतील, पण पहिल्या लाटेच्या आधी येतील यावर विसंबू नये. २००९ चा विषाणू एप्रिलमध्ये ओळखला गेला. अमेरिकेत लस मिळू लागली ऑक्टोबरमध्ये, आणि तिथली दुसरी लाट त्याच महिन्याच्या अखेरीस शिखरावर पोहोचली. लस टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायलाही साधारण दोन आठवडे जातात. नेहमीची वार्षिक फ्लूची लस नव्या विषाणूपासून फारसं संरक्षण देणार नाही. तरी ती घ्यावी, कारण नेहमीचा फ्लू कमी झाला तर तेवढी गैरहजेरी आणि तेवढा गोंधळ वाचतो.

ओसेल्टामिविरसारखी विषाणूरोधक औषधं लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतली तर सर्वाधिक उपयोगी पडतात. त्यासाठी डॉक्टरांशी लवकर, शक्यतो फोनवर, बोलण्याची सोय आस्थापनेने करून द्यावी. ती मनाने वाटू नयेत. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही.

लहान व्यवसायाला हे परवडेल का?

पाच जणांच्या ठिकाणी ४० टक्के म्हणजे दोन माणसं, आणि त्यांत चावी, हिशेब किंवा मुख्य कसब ज्याच्याकडे आहे तो असेल तर काम तिथेच थांबतं. म्हणून लहान व्यवसायाला योजनेची गरज जास्त आहे. खर्च मात्र कमी आहे. कामांचे तीन ढीग एका दुपारी होतात. खिडक्या उघडायला पैसे पडत नाहीत. एकमेकांचं काम शिकायला थोडा वेळ लागतो. खरा भार आजारपणातल्या पगाराचा, आणि त्यासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाकणं किंवा त्याच धंद्यातल्या दोन-तीन जणांनी अडचणीत एकमेकांचं काम उचलायचं ठरवणं, हे मार्ग आहेत. सरकारनेही महासाथीत अशा पगाराचा वाटा उचलायला हवा असं मला वाटतं, कारण त्या माणसाला घरी ठेवण्याचा फायदा सगळ्या वस्तीला होतो.

योजना कधी लागू करायची

जागतिक आरोग्य संघटनेच्या घोषणेची वाट पाहू नये. ११ जून २००९ ला संघटनेने महासाथ जाहीर केली, तेव्हा विषाणू ७४ देशांत पोहोचलेला होता. आपले टप्पे आपण ठरवावेत. नवा विषाणू माणसामाणसांत पसरतोय असं अधिकृतपणे कळलं, की साठा तपासायचा आणि नावांच्या याद्या अद्ययावत करायच्या. आपल्या भागात रुग्ण सापडले, की भरपगारी रजेचा नियम लागू करायचा, बैठका उघड्यावर किंवा फोनवर घ्यायच्या, गट वेगळे करायचे. गैरहजेरी ठरावीक आकड्यापुढे गेली, की तिसरा ढीग बंद, मग दुसरा. हे आकडे आधी लिहिलेले असले म्हणजे ऐन गडबडीत वाद घालत बसावं लागत नाही. उलट्या दिशेचे टप्पेही लिहावेत. १९१८ मध्ये दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी जीवघेणी ठरली, तेव्हा रुग्ण कमी झाले म्हणून गट लगेच एकत्र करू नयेत.

योजना खरी आहे की कागदावरचीच, हे पाहण्याची एक पद्धत मी सुचवेन. एखाद्या साध्या दिवशी, आधी न सांगता, चिठ्ठ्या टाकून दहातल्या चौघांना बाजूला बसवा. त्यांनी फोन घ्यायचा नाही, काही सांगायचं नाही. चिठ्ठ्यांत साहेबांचंही नाव असू द्या. उरलेल्या सहा जणांनी पहिल्या ढिगातलं काम पार पाडायचं. जिथे जिथे ते अडले त्या जागा संध्याकाळी सगळ्यांनी मिळून लिहून काढायच्या, प्रत्येक जागेपुढे ते काम शिकणाऱ्या माणसाचं नाव आणि तारीख घालायची, आणि तीन महिन्यांनी नव्या चिठ्ठ्या टाकायच्या.